बंब विझतो कशाने

आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या मागच्या अंगणात, न्हाणीला लागून, एक तांब्याचा बंब उभा आहे. तीन पाय, पोटातून गेलेला कोळशाचा नळा, तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि त्याची वीतभर खिडकी. बाजूला पितळी तोटी. मागच्या हिवाळ्यात हा बंब रोज सकाळी पेटवला की अर्ध्या तासात विझायचा. सांगायचं ते त्याचंच आहे, पण आधी माझा हट्ट सांगितला पाहिजे, कारण हट्ट नसता तर बंब पुन्हा पेटलाच नसता.

बायको जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मुलगी एकुलती एक, बिलासपूरला दिलेली. तिला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं की पहिलं बाळंतपण माहेरीच होईल, आणि मुलगी सव्वा महिना इथेच राहील. आमच्यात तशीच पद्धत आहे. माझ्या बहिणींचं झालं, बायकोचं तिच्या आईकडे झालं, मग माझ्याच मुलीचं का होऊ नये? जावई बिचारा म्हणाला, "बाबा, मैं गीझर लगवा देता हूँ." मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, या घरात बाळंतीण बंबाच्या पाण्यानेच न्हाते. जणू या घरात दर वर्षी एक बाळंतपण होत होतं.

विहीणबाईंचा फोन आला. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, माणूस म्हणून रोखठोक. म्हणाल्या, "व्याहीबुवा, राग नका मानू, पण घरात बाईमाणूस नाही. बाळंतपण म्हणजे काही तुमच्या रेल्वेची फाईल नव्हे."

मी म्हटलं, "मालिशवाली ठरवली आहे. स्वयंपाकाला बाई आहे. मी आहे."

"तुम्ही आहा म्हणूनच बोलून राहिले न मी," त्या म्हणाल्या. "असं करा, बारशापर्यंत राहू द्या तिले. आदल्या दिवशी मी येते, पाहते, आणि बाराव्या दिवशी दोघींले घेऊन जाते. ठीक वाटलं तर राहू देईन."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. ठीक वाटलं तर. म्हणजे साठी ओलांडल्यावर माझी परीक्षा, आणि परीक्षक बिलासपूरहून येणार. पण खरं सांगायचं तर राग हा वरवरचा होता. आतून मला भीती वाटत होती. अडीच वर्षांत त्या घरात माझ्याशिवाय कोणी चार दिवससुद्धा राहिलं नव्हतं, आणि मला मुलगी सव्वा महिना घरात हवी होती. पद्धत वगैरे नंतरची गोष्ट.

नात झाली. दवाखान्यातून दोघी घरी आल्या तो पाचवा दिवस, जानेवारीचा. सहाव्या दिवसापासून मालिश सुरू झालं. मालिशवाली छत्तीसगढी बाई, वयाने माझ्याएवढी, पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, अर्धी पोरं तिच्याच हाताखालून गेलेली. तिला सगळे दाई म्हणतात, मीही म्हणतो. ती मला कका म्हणते.

पहाटे साडेपाचला मी बंब पेटवायचो. आधी छेन्याचे, म्हणजे गोवरीचे, चार तुकडे, वर काटक्या, त्या लागल्या की वरून कोळसा. पंधरा मिनिटांत नळा लाल व्हायचा. पहिली बादली मी स्वतः काढायचो, हात घालून बघायचो, चटका बसला की समाधान व्हायचं. तेवढ्यात दाई यायची, आणि मी तिथून हलायचो. बाळंतीण लेक न्हाणीत जाणार म्हटल्यावर बापाने अंगणात थांबायचं नसतं, हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण माहीत आहे. मी पुढच्या ओट्यावर जाऊन वर्तमानपत्र उघडायचो आणि अधूनमधून खाकरायचो, म्हणजे मी पुढेच आहे हे त्यांना कळावं. बंबातून पुढचं पाणी दाईच काढून घ्यायची.

तासाभराने मागे गेलो की बंब थंडगार. नळ्यात अर्धवट जळलेले काळे कोळसे, एक ठिणगी नाही. बाळाला धुरी द्यायला निखारे लागतात, ओवा आणि बाळंतशेपा त्यावर टाकायच्या असतात. ते निखारे बंबातून यायला हवेत. इथे दाई गॅसवर छेना पेटवत बसलेली.

मी दाराबाहेरूनच मुलीला विचारायचो, "पाणी पुरलं ना?"

"हाँ बाबा, पुर गया."

माझी मुलगी माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. लहानपणापासून तसंच आहे, आता मी त्यावर बोलत नाही. पुरलं म्हणाली म्हणजे पुरलं, असं समजून मी बंबाच्या मागे लागलो.

पहिला संशय कोळशावर. अंगणात उघड्यावर पोतं होतं, त्यावर दहिवर पडलेलं. सगळा कोळसा गच्चीवर तरट टाकून वाळवला, दिवसभर राखण केली, हात काळे, बनियान काळं. दुसऱ्या दिवशी बंब परत विझला. मग धुराड्यावर संशय. बांबूला चिंध्या बांधून वरून खाली घासलं, एका पाखराचं जुनं घरटं निघालं, आणि मला वाटलं सापडला चोर. तिसऱ्या दिवशीही विझला. मग वाऱ्यावर संशय घेतला आणि उत्तरेकडून पत्रा लावला. त्या दिवशी नेहमीपेक्षा पाच मिनिटं आधी विझला.

तीस वर्षं मी रेल्वेच्या शेडमधल्या ऑफिसात काढली आहेत. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला इंजिनाच्या गोष्टी अशा सांगायचो की जणू मीच ती चालवत होतो. खरं तर मी इंजिनांच्या फायली सांभाळल्या. त्या आठवड्यात एका बंबाने माझ्या नाकी नऊ आणले तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

दहाव्या दिवशी स्कूटरवर सदर बाजारात गेलो. तिथे जुनं भांड्यांचं दुकान आहे, बंब आम्ही तिथूनच घेतला होता. आता गादीवर मालकाचा मुलगा बसतो. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, कोळसा, धुराडं, पत्रा. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "अंकल, इसको चमका के ड्रॉइंग रूम में रख दो, ऊपर लैंप लगा देंगे. आजकल बहुत चल रहा है." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. परत येताना बूढापाऱ्याच्या वळणावर स्कूटर थांबवून दोन मिनिटं उभा राहिलो. परवा बारसं, उद्या संध्याकाळी विहीणबाई येणार, आणि माझ्या हातात काळ्या कोळशांशिवाय दाखवायला काही नव्हतं.

विहीणबाई आल्या. आल्या आल्या नातीला घेतलं, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वयंपाकघरात जाऊन डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून एक लाडू मोडून पाहिला. मग झाकण लावून टाकलं.

बारशाच्या सकाळी त्या दाईच्याही आधी न्हाणीत हजर. मी नेहमीप्रमाणे बंब पेटवला, पहिली बादली काढली आणि पुढे जाऊन बसलो. वर्तमानपत्राची एक ओळ वाचली नाही. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या, हातात तांब्या. तांब्या माझ्यापुढे धरला.

"हात घाला."

मी बोटं बुडवली. पाणी कोमट होतं. कोमटही कसलं, तोंड धुवायला घेतलेलं पाणी असावं तसं.

"हे बाळाचं?" मी घाबरून विचारलं.

"बाळाचं झालं. त्याले तुमची पहिली बादली होती, चांगली कडक. हे हिचं आहे. अशानं न्हाऊन राहिली ती."

"आज बंबाने दगा दिला," मी म्हटलं. "रोज तसं..."

"रोज असंच आहे, दाई सांगून राहिली."

मी मागे गेलो. न्हाणीचं दार लोटलेलं होतं, मुलगी आत शाल पांघरून बसली होती. दाई दाराशी उकिडवी बसून बाळाचं अंग पुसत होती. मी तिला विचारलं, दाई, रोज पाणी असंच असायचं?

"हव कका," ती म्हणाली. "नोनी के पुरतीन रहय, महतारी बर कुनकुनच रहय. मैं सोचेंव, तुंहर घर मा अइसनेच चलत होही." म्हणजे हो, बाळापुरतं पाणी गरम, आईसाठी कोमटच, आणि तिला वाटलं आमच्याकडे हीच रीत असेल. मग आवाज खाली आणून तिने पुढचं सांगितलं. मुलीनेच तिला बजावलं होतं की बाबांना सांगायचं नाही. ते दिवसभर बंबाशी झटतात, त्यांना वाईट वाटेल.

सहा दिवस. जानेवारीच्या थंडीत, अंग कच्चं असताना, माझी मुलगी कोमट पाण्याने न्हात होती आणि मी दाराबाहेरून पुरलं का म्हणून विचारत होतो. गरम होतं का, हे विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही. आलं असतं तरी लेकीला तिच्या न्हाण्याबद्दल विचारायला जीभ रेटली नसती, हेही खरं. तिची आई असती तर दार ढकलून आत गेली असती. मी ओट्यावर बसून खाकरत होतो.

मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो सगळा बंबावर निघाला. मी त्याच्यापुढे फतकल मारून बसलो, खालची खिडकी उघडली आणि लोखंडी सळई आत खुपसली. म्हटलं, जाळी तोडूनच काढतो. सळई चार बोटं आत गेली आणि अडकली. पुन्हा खुपसली, पुन्हा तिथेच. विहीणबाई मागे उभ्या होत्या.

"राख कधी काढली होती?" त्यांनी विचारलं.

"राख?"

"राख, राख. जाळीखालची."

"ती भांड्यांसाठी काढायची," मी म्हटलं.

आणि बोलता बोलता मी थांबलो. माझी बायको रोज पेटवायच्या आधी त्या खिडकीतून वाटीभर राख काढायची आणि त्या राखेने पितळी भांडी घासायची. मी तिला वर्षानुवर्षं म्हणत आलो, अगं पावडर आणून देतो, राखेने हात खरखरीत होतात. ती हसायची आणि राख काढायची. मला वाटायचं, हा तिचा जुनाट छंद. ती गेल्यावर पितळी भांडी माळ्यावर गेली, स्टीलची आली, ती साबणाने घासली जाऊ लागली. राखेचं घरात काही काम उरलं नाही, म्हणून ती काढायचं मला सुचलं नाही. बंब पेटतो तो खालून हवा येते म्हणून, आणि हवा यायची वाटच बंद होती. ती भांड्यांसाठी राख काढत होती की बंबासाठी, हे तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची सोय नाही.

खुरपी आणून मी कप्पा उकरायला घेतला. वरची राख मऊ होती, ती गेल्या सहा दिवसांची, माझी. ती सुपात काढली. खाली खुरपी ठक्क वाजली. दोन पावसाळ्यांची ओल खाऊन तळाची राख पापुद्र्यासारखी घट्ट झाली होती, जवळजवळ सगळा कप्पा या थरानेच भरलेला. म्हणून माझी राख पहिल्याच दिवशी जाळीला भिडली होती. मला समजायला थोडा वेळ लागला की ही तिची राख आहे. शेवटच्या दिवसांत तिला वाकवत नव्हतं, तरी माझ्यासाठी बंब पेटवायची. पेटवायची, पण राख काढणं तिच्याने होत नसणार. आणि मी आयतं गरम पाणी घेऊन न्हाऊन ऑफिसला जायचो.

खुरपी तशीच हातात धरून मी बसून राहिलो. मग दाईच्या मांडीवर बाळ कुरकुरलं, आणि मला आठवलं की आत लेक ओलेत्या केसांनी बसली आहे. मी ती राख फोडली. ढेकळं निघाली, करड्या रंगाची. दोन्ही हातांनी काढून ती जास्वंदीच्या आळ्यात टाकली. कप्पा रिकामा झाला, नळ्यातले काळे कोळसे काढले आणि आत डोकावलं तर जाळीच्या भोकांतून वरचा उजेड दिसला.

छेने, काटक्या, कोळसा. काडी लावली. या वेळी आवाजच वेगळा होता. नळ्यातून हवा ओढल्याचा घूं असा आवाज यायला लागला आणि तो थांबेना. सहा दिवसांत मी तो ऐकलाच नव्हता, त्याआधी वीस वर्षं रोज ऐकला होता. वीस मिनिटांत तोटीतून वाफ आली. विहीणबाईंनी चिमटीने थेंब उडवून पाहिला आणि बोट झटकलं.

"आता पाणी आहे," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून स्वतः आत घेऊन गेल्या. मी पुढे जायला निघालो, पण ओट्यापर्यंत गेलो नाही. अंगणाच्या पायरीवरच न्हाणीकडे पाठ करून बसलो. आतून पाण्याचा आवाज आला आणि माझी मुलगी "आह" म्हणाली, थंडीतून आलेलं माणूस पहिला घोट चहा घेऊन म्हणतं तसं. इतकं साधं सुख मी तिला सहा दिवस दिलं नव्हतं.

थोड्या वेळाने विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि पायरीवर माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या. दोघांनाही बोलायचं होतं. मी आधी बोललो.

"न्या तुम्ही दोघींना," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं. घरात बाई असती तर हे पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं. मी तिला घरात ठेवून घ्यायच्या नादात तिच्याकडे बघितलंच नाही."

"तेच सांगायले आली होती मी," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत राखेने माखलेले. "माझ्या नवऱ्यानं चार पोरं झाली तरी मोरीत एक तांब्या आणून नाही ठेवला कधी. तुम्ही तर... जाऊ द्या. मले काहून विचारता? न्हाऊन ती राहिली. तिले विचारा."

मी विचारणार नव्हतो. विचारलं तर ती माझ्यासाठी राहते म्हणेल, जसं सहा दिवस पुर गया म्हणाली. तिच्या तोंडून मला आणखी एक खोटं नको होतं. मनातल्या मनात मी तिची बॅग भरायला घेतली होती, बाळाची दुपटी, लाडवांचा डबा, औषधं. संध्याकाळच्या गाडीने त्या जाणार, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं होणार.

तेवढ्यात आतून हाक आली. मोठ्याने, चांगली खणखणीत, घरात आपला हक्क असलेल्या माणसाची.

"बाबा, एक बाल्टी और. और सुनो, कल थोड़ा पहले जला देना, आज बेबी के दूध को बहुत देर हो गई."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं न?" त्या म्हणाल्या. "कल म्हणून राहिली. मग आज मी एकटीच जाते."

मी "हव" म्हणालो. मग तिला ऐकू जावं म्हणून दाराकडे तोंड करून पुन्हा एकदा म्हणालो, आणि बादली घेऊन उठलो.